पुस्तक छापायचे आहे? आधी सॉफ्टवेअर पारखून घ्या!

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला गेलेला आपला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. पोटाला चिमटा घेऊन का होईना, पिशवीत चार पुस्तके टाकूनच तो परतीच्या गाडीत बसतो. तिथल्या स्टॉलवर मोठ्या प्रकाशकांचे जाडजूड ग्रंथ असतात. तशाच कुणा शिक्षकाने, कुणा कामगाराने, कुणा गृहिणीने पदरमोड करून काढलेल्या तीस-चाळीस पानांच्या पुस्तिकाही असतात. लिहिणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. अडचण येते ती त्याच्या पुढे. हस्तलिखित तयार असते, वर्गणी जेमतेम जमलेली असते आणि मग प्रश्न उभा राहतो : पाने लावायची कोणी, कशात आणि किती पैशांत?

या प्रश्नासंबंधी चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख. मी संगणकतज्ज्ञ नाही. बी.कॉम. झालेला आणि वीस वर्षे कारकुनी केलेला हिशेबाचा माणूस आहे. पण आमच्या वस्तीतील वाचनालयातर्फे पुस्तक काढताना जी ठेच लागली आणि त्यातून जे शिकायला मिळाले, ते इतरांच्या कामी यावे एवढीच इच्छा आहे.

पहिली ठेच

काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतील वृद्ध माणसांच्या आठवणींचे पुस्तक काढायचे ठरवले. कुणी गिरणीच्या रिंग खात्यात आयुष्य काढलेले, कुणी रेल्वेत हमाली केलेले, कुणी चार घरची धुणीभांडी करून मुले शिकवलेली. ही माणसे गेली की त्यांच्याबरोबर सारे जाणार, या जाणिवेने तरुण पोरांनी वह्या भरून आठवणी उतरवून घेतल्या. घरटी वर्गणी काढली. जवळच्याच एका डी.टी.पी. केंद्रात काम दिले. तिथल्या ऑपरेटरने रात्री जागून पाने लावली. प्रकाशनाची तारीख ठरलेली असल्याने आम्ही प्रूफ घाईघाईत वाचले आणि पुस्तक छापून आणले.

प्रकाशनाच्या दिवशी एका आजींच्या हातात पुस्तक दिले. या आजी कऱ्हाडजवळच्या खेड्यातून लग्न होऊन मुंबईला आल्या. साठी उलटल्यावर साक्षरता वर्गात अक्षरे गिरवायला शिकल्या. त्यांनी आपले पान उघडले, पहिल्या ओळीखाली बोट ठेवले आणि एकेक अक्षर जुळवत वाचू लागल्या. गावाच्या नावापाशी बोट थांबले.

“ह्ये आमचं कऱ्हाड न्हवं, बाळा. ह्या ‘ह’च्या डोक्यावर काय काढून ठेवलंय?”

पाहिले तर ‘कऱ्हाड’च्या जागी ‘कर्हाड’ छापलेले. पुस्तकभर तसेच. लोक हसले, मीही हसलो. पण मनाला फार लागले. ज्या बाईने सारे आयुष्य दुसऱ्याच्या नावाची भांडी घासली, तिने आपल्या गावाचे नाव पहिल्यांदा छापलेले वाचावे आणि ते चुकीचे असावे! ऑपरेटरला दोष देऊन उपयोग नव्हता. प्रूफ वाचण्याची जबाबदारी आमचीच होती.

खरी फजिती पुढेच झाली. प्रती संपल्या, मागणी वाढली. चुका दुरुस्त करून दुसरी आवृत्ती काढावी असे ठरले. चौकशी केली तर ते केंद्र बंद झालेले. आमच्याकडे होती फक्त एक सीडी. ती वाचनालयाच्या संगणकात घातली, तर पाने उघडायला लागणारे सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही. त्यातला मजकूर तेवढा कसाबसा बाहेर काढला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा नुसता काला! शेवटी छापलेले पुस्तक समोर ठेवून ९६ पाने पुन्हा टाईप करावी लागली. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर एकाच मालाची किंमत आम्ही दोनदा मोजली.

असे का झाले?

जुन्या काळी पेजमेकर आणि त्याच्या जोडीला मराठी फॉन्टचे एखादे पॅकेज असा डी.टी.पी.चा संसार असे. पेजमेकर १९८५ साली आले. २००१ मधील सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती. त्यानंतर कंपनीने इनडिझाईनवर भर दिला. आजही अनेक छोट्या केंद्रांत पेजमेकरवर काम होताना दिसते. त्या काळच्या मराठी फॉन्टची गंमत अशी की संगणकाच्या पोटात अक्षर इंग्रजीच राही, वर फक्त मराठी अक्षराचे चित्र दिसे. तो फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की काला. प्रत्येक पॅकेजची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याला कळत नसे.

युनिकोडने हा घोळ मिटवला. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी लिपीला तिची स्वतःची जागा मिळाली आहे. तिथे ‘क’ म्हणजे ‘क’च; मोबाईलवर, कचेरीत, छापखान्यात, कुठेही. म्हणून पहिला धडा हा : पुस्तकाचा मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा किंवा करून घ्या. टायपिंग करणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी ती फाईल आपल्या मोबाईलवर उघडून पाहा. तिथे मराठी नीट वाचता आली तर मजकूर तुमचा झाला.

चोरीचे, मोफत आणि मुक्त

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी आम्ही वाचनालयातच काम करायचे ठरवले. वस्तीतील कॉलेजात शिकणारी एक मुलगी तयार झाली. लगेच एक जण म्हणाला, “काका, इनडिझाईनची कॉपी मिळते. फुकट टाकून देतो.”

इनडिझाईन उत्तम आहे यात वाद नाही. पण २०१३ पासून त्याच्या कंपनीने नव्या आवृत्त्या मासिक किंवा वार्षिक भाड्यानेच द्यायला सुरुवात केली. वर्षाकाठी एक पुस्तक काढणाऱ्या वाचनालयाला हे भाडे परवडत नाही, म्हणून लोक चोरीची कॉपी टाकतात. त्यात व्हायरसची भीती असते, संस्थेच्या नावावर कायद्याचे लचांड येऊ शकते आणि दुरुस्त्या मिळत नाहीत. शिवाय आपण रोज पंचशील म्हणतो. न दिलेले घेणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी बुद्धाच्या शिकवणीचे पुस्तक चोरीच्या सॉफ्टवेअरवर तयार करावे, हे मला पटले नाही. मुलीलाही पटले नाही.

मग मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू झाला. इथे एक फरक नीट समजून घ्यावा. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखादी कंपनी आपले सॉफ्टवेअर मोफत देते, पण मालकी स्वतःकडे ठेवते. अफिनिटी नावाचे पूर्वी विकत मिळणारे सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून मोफत मिळू लागले. चांगली गोष्ट आहे. पण मोफत द्यायचे की नाही, हे उद्याही तीच कंपनी ठरवणार.

मुक्त सॉफ्टवेअरचे तसे नसते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या चळवळीची सुरुवात केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, त्याची रचना अभ्यासण्याचे, त्यात बदल करण्याचे आणि ते दुसऱ्याला देण्याचे असे चार अधिकार त्यात वापरणाऱ्याला दिलेले असतात. दिलेला अधिकार परत काढून घेता येत नाही. सार्वजनिक विहिरीसारखे हे आहे. कुणी उपकार म्हणून ओंजळीत पाणी ओतणे वेगळे आणि विहिरीवर आपला हक्क असणे वेगळे. हा फरक आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही.

कोणत्या कामाला कोणते हत्यार?

एकाच हत्याराने गवंडीकाम आणि सुतारकाम होत नाही. पुस्तकाचेही तसेच आहे. आम्हाला चार हत्यारे उपयोगी पडली.

पहिले लिब्रेऑफिस. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळे होऊन ते उभे राहिले. त्यातील रायटर हा भाग टायपिंगसाठी. मजकूर लिहिणे, शोधून बदलणे, शीर्षकांना स्टाईल लावणे हे सारे त्यात होते. तुमचे पुस्तक कथा-कवितांचे, आत चित्रे नाहीत, छपाई एकाच काळ्या शाईत, असे असेल तर आतली पानेही रायटरमध्येच लावून पीडीएफ करता येते. मात्र त्याची रंगीत पीडीएफ संगणकाच्या पडद्याच्या रंगांत निघते, छापखान्याच्या चार रंगांत नाही. म्हणून मुखपृष्ठ त्यात करू नये.

दुसरे आणि मुख्य हत्यार म्हणजे स्क्रायबस. पाने लावण्यासाठीच ते बनले आहे. फ्रांत्स श्मिड या जर्मन गृहस्थांनी २००१ मध्ये ते सुरू केले आणि पुढे अनेक देशांतील लोकांनी मिळून वाढवले. पेजमेकर पाहिलेल्या माणसाला त्याची रीत लवकर कळते : पानावर चौकट काढायची आणि चौकटीत मजकूर किंवा फोटो भरायचा. पानांचे क्रमांक मास्टर पेजवर एकदा टाकले की सगळीकडे उमटतात. छापखान्याचे चार रंग त्याला कळतात आणि छपाईसाठी ठरलेल्या पीडीएफ-एक्स या प्रमाण पद्धतीची फाईल ते देते.

तिसरे गिम्प. जुन्या फोटोंवरचे डाग काढणे, उजेड-अंधार ठीक करणे, रंगीत फोटो कृष्णधवल करणे ही कामे त्याची. ते मुळात पडद्याच्या रंगांत काम करते, पण कृष्णधवल पुस्तकाला त्याने काही अडत नाही. रंगीत चित्रे छापखान्याच्या चार रंगांतच रंगवायची असतील तर क्रिटा हे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर त्या रंगांत काम करू देते.

चौथे इंकस्केप. बोधचिन्ह, नकाशा, मुखपृष्ठावरची रेखाकृती यांसाठी. त्यात काढलेली आकृती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. आम्ही आकृती इंकस्केपमध्ये काढून स्क्रायबसमध्ये आणतो आणि छपाईचे रंग तिथे भरतो.

मराठीची परीक्षा

सॉफ्टवेअर कितीही नावाजलेले असो, मराठीच्या परीक्षेत पास झाल्याशिवाय हातात घेऊ नये. आमचीही पहिल्या दिवशी घोर निराशा झाली. एका मुलाच्या पेनड्राईव्हवर स्क्रायबसची जुनी १.४ आवृत्ती होती. तीच टाकली आणि ‘विद्यार्थी’ असे लिहिले. पडद्यावर काय आले? पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसली, ‘द’ आणि ‘य’ पाय मोडून वेगळे उभे राहिले आणि रफार डोक्यावर जायचा सोडून सुटा ‘र’ झाला. “काका, यात मराठी होत नाही,” असे म्हणून मुलगी संगणक बंद करून निघाली.

तिचे चुकले नव्हते. त्या जुन्या आवृत्तीला देवनागरीची जोडाक्षरे जुळवताच येत नसत. इंग्रजीत अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. आपल्याकडे ती एकमेकांत मिसळतात, मागे-पुढे सरकतात, डोक्यावर चढतात. अरबी लिपीचीही अशीच अडचण होती. २०१७ मध्ये आलेल्या १.५.३ या आवृत्तीपासून स्क्रायबसला नवी अक्षरजुळणी मिळाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली. आम्ही ती उतरवून घेतली आणि तोच शब्द लिहिला. ‘विद्यार्थी’ जसाच्या तसा! म्हणून लक्षात ठेवा : १.६ किंवा त्यानंतरचीच आवृत्ती घ्या, तीही स्क्रायबसच्या अधिकृत ठिकाणाहूनच.

परीक्षेसाठी आम्ही एक ओळ ठरवून ठेवली आहे. तुम्हीही वापरा : ‘कऱ्हाडच्या विद्यार्थ्याने दऱ्याखोऱ्यांतून बुद्ध, धम्म आणि ज्ञान यांची दृष्टी वऱ्हाडात नेली.’ ओळीला अर्थ फारसा नाही, पण मराठीची बहुतेक अवघड वळणे तिच्यात आली आहेत. नवा फॉन्ट घेतला की ही ओळ टाईप करा, कागदावर छापा आणि भिंग घेऊन पाहा.

आणि तो ‘ऱ्ह’? साधा ‘र’ घेऊन त्याला हलन्त आणि ‘ह’ जोडला की रफारच होणार. मराठीला त्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टची कळ धरून ‘र’ दाबला की तो उमटतो. त्याला हलन्त आणि ‘ह’ जोडला की ‘ऱ्ह’ तयार. एवढ्याशा ज्ञानाअभावी आजींचे गाव बिघडले होते. पण आता मजकूर युनिकोडमध्ये असल्याने ‘कर्हाड’ शोधून सगळीकडे ‘कऱ्हाड’ करायला अर्धे मिनिट लागले.

फॉन्टही मुक्त परवान्याचेच घ्यावेत. ते छापील पुस्तकात विनामूल्य वापरता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध केलेला यशोमुद्रा, आय.आय.टी. मुंबईचा शोभिका, तसेच तिरो देवनागरी मराठी, मुक्त आणि नोटो हे फॉन्ट चांगले आहेत. आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच आपले वळण येते. तिरोमध्ये मराठीसाठी स्वतंत्र फॉन्टच केलेला आहे. आम्ही आठवणींसाठी यशोमुद्रा आणि शीर्षकांसाठी मुक्त घेतला.

छापखान्याची भाषा

पाने लावायला बसण्यापूर्वीच छापखान्यात जाऊन या. आम्ही आधी अर्धी पाने लावली आणि मग गेलो, ही आमची दुसरी चूक. छापखान्याच्या मालकांनी विचारले, “साहेब, साइज काय? ओपन फाईल कशात आहे? पेजमेकर की कोरल?”

मी म्हणालो, “स्क्रायबस.”

“ते आमच्याकडे नाही चालणार.”

क्षणभर सारी मेहनत पाण्यात गेली असे वाटले. मग मुलीने धीराने विचारले, “दादा, फॉन्ट आत घातलेली पीडीएफ दिली तर चालेल का?” ते म्हणाले, “पीडीएफ बरोबर असेल तर कशात बनवली त्याच्याशी मला काय करायचंय?” सुज्ञ वाचकहो, सगळ्या लेखाचे सार या एका वाक्यात आहे. छापखान्याला तुमचे सॉफ्टवेअर नको असते, बिनचूक पीडीएफ हवी असते. तेव्हा या गोष्टी सांभाळा :

आकार आणि फर्मा : मराठीत डेमी आकार, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच, जास्त चालतो. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापले जाते. ११२ पाने म्हणजे बरोबर सात फर्मे. तीच ११५ झाली तर तीन पानांसाठी जादा कागद आणि जादा छपाई. आमची ११५ च झाली होती. मजकुरात काटछाट न करता समास थोडे कमी केले आणि ११२ वर आणली. मात्र शिवणीकडचा समास कमी करू नका. बांधणीत अक्षरे आत दबतात.

काळा रंग : स्क्रायबसच्या रंगयादीत ‘ब्लॅक’, ‘रिच ब्लॅक’ आणि ‘रजिस्ट्रेशन’ असे वेगवेगळे काळे दिसतात. पडद्यावर सारे सारखेच. पण मजकुराला साधा ‘ब्लॅक’च द्यावा. ‘रजिस्ट्रेशन’ दिला तर तीच अक्षरे चारही रंगांच्या प्लेटवर उमटतात आणि प्लेट केसभर सरकली की अक्षरांना रंगीत सावल्या येतात.

फोटो : छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. चार इंच रुंद फोटो छापायचा तर तो किमान १२०० ठिपके रुंद हवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जाऊन लहान होतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा मूळ फोटो स्कॅन करा. एका आजोबांचा गिरणीच्या फाटकासमोरचा एकुलता एक फोटो आमच्याकडे असाच दाबून आला होता. नातवाला पुन्हा घरी पाठवून मूळ फोटो मागवला, तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येण्याजोगा छापला गेला.

मुखपृष्ठ : कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंना तीन मिलिमीटर जादा रंग सोडावा, नाही तर कटिंगनंतर पांढरी रेघ दिसते. पुस्तकाच्या पाठीची जाडी कागद आणि पाने यांवर अवलंबून असते. ती छापखान्यालाच विचारावी, अंदाजाने धरू नये.

शेवटची तपासणी : स्क्रायबस पीडीएफ करण्यापूर्वी स्वतःच चुका दाखवते : चौकटीबाहेर गेलेला मजकूर, फॉन्टमध्ये नसलेले अक्षर, कमी ठिपक्यांचा फोटो. ती यादी रिकामी होईपर्यंत पुढे जाऊ नका. नंतर पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून फाईलच्या माहितीतील फॉन्टची यादी पाहा. प्रत्येकापुढे ‘एम्बेडेड’ लिहिलेले हवे. आणि एवढे झाल्यावर एक फर्मा कागदावर काढून मोठ्याने वाचा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पुस्तकाला लागणारा आय.एस.बी.एन. क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. क्रमांक आला की त्याचा बारकोड स्क्रायबसमध्येच तयार करता येतो.

मोफतलाही किंमत असते

आता जमा बाजू सांगितली, तशी खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. सॉफ्टवेअरला एक पैसा लागला नाही, पण आमच्या मुलीच्या दीड महिन्याच्या संध्याकाळी त्यात गेल्या. स्क्रायबसमध्ये सारे पुस्तक एकाच लांब मजकुराने भरले की ते संथ होते, म्हणून प्रकरणे वेगवेगळी ठेवावी लागली. नव्या आवृत्तीत केलेली फाईल जुनीत उघडत नाही, हेही एकदा हात पोळल्यावर कळले. अडल्यावर शेजारी विचारावे असा माणूस जवळ नसतो. प्रकाशन आठ दिवसांवर आले असेल, तर हा प्रयोग मुळीच करू नये.

अशा वेळी सरळ डी.टी.पी. करणाऱ्या माणसाकडे जावे आणि त्याला त्याचे पूर्ण पैसे द्यावेत. तोही आपल्यासारखाच रात्र जागून पोट भरणारा कामगार आहे. फक्त कामापूर्वी ठरवून घ्यावे की मजकूर युनिकोडमध्ये हवा, आणि शेवटी मजकुराची फाईल, फोटो व पीडीएफ या तिन्ही गोष्टी आपल्या हाती हव्यात. या तिन्हींच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. आमची पहिली सीडी आठवली की अजून पोटात गोळा येतो.

पण ज्या संस्थेला वर्षाला एखादे पुस्तक, एखादा विशेषांक, जयंतीची स्मरणिका काढायची आहे, तिने एक मुलगा आणि एक मुलगी या कामात तयार करावीत. साधा जुना संगणकही चालतो. पहिल्याच वेळी मोठे पुस्तक घेऊ नका. सोळा पानांची, एका शाईची, पिन मारलेली पुस्तिका करून पाहा. तिच्यात चुका झाल्या तरी थोडक्यात निभावते आणि हात बसतो.

आमच्या मुलीचा हात आता इतका बसला आहे की शेजारच्या वस्तीतील महिला मंडळाची पुस्तिका तिने लावून दिली आणि त्याचे पैसेही घेतले. मीच तिला सांगितले, “सॉफ्टवेअर मोफत आहे बाळ, तुझी मेहनत मोफत नाही.”

दुसरी आवृत्ती छापून आली त्या संध्याकाळी आम्ही दोघे पहिली प्रत घेऊन आजींच्या घरी गेलो. आजी आता थकल्या आहेत, डोळ्यांना कमी दिसते. मुलीने पान उघडून दिले. आजींनी चष्मा पुसला, ओळीखाली बोट ठेवले आणि ते हळूहळू सरकू लागले. गावाच्या नावापाशी क्षणभर थांबले. आमचा जीव वरखाली झाला.

“क... ऱ्हा... ड,” आजी म्हणाल्या आणि बोट पुढच्या शब्दावर गेले. त्यांनी अख्खे पान वाचून काढले, मग मुलीला म्हणाल्या, “बस पोरी, चहा टाकते.”